आमच्या घरातली पहिली तब्येत

आमच्या खानदानातला पहिला जाडा माणूस मी. ही तक्रार नाही, वंशावळ सांगतोय. आजोबा, त्यांचे भाऊ, बाबा, काका, सगळे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे. सदरा काढला की बरगड्या मोजून घ्याव्यात. आमच्या घरातल्या एकाही पुरुषाला कधी पोट नव्हतं. पोटात काही नसे, तर पोट कुठून येणार? बाबा सिंदीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी लोटायचे. आई आधी निंदणाला जायची, नंतर शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागली. या दोघांच्या घरी मी असा गुबगुबीत निपजलो, की बायका बाजारात आईला थांबवून विचारायच्या, "काय खाऊ घालून राह्यली व याले?" आई नुसती हसायची आणि मला पुढे करायची, गालफडं नीट दिसावीत म्हणून.

इथे एक शब्द आधीच समजावून ठेवतो, कारण त्या शब्दानं माझी नोकरी जवळजवळ खाल्ली होती. तब्येत. पुण्या-मुंबईकडे तब्येत बरी असते किंवा बिघडते. आमच्याकडे ती असते किंवा नसते. ताप आला, खोकला झाला, तर माणूस बिमार असतो. तब्येत ही वेगळी चीज आहे. ती अंगावर दिसावी लागते. पोरगा सुट्टीत घरी आला आणि गाल भरलेले दिसले, की लोक म्हणतात, "तब्येत केली बावा यानं." गाल बसलेले दिसले, की म्हणतात, "तब्येत कमी केली, काऊन रे?" लोक घर करतात, शेत करतात, तशी तब्येत करतात. आणि एकदा केली की ती मोडायची नसते.

माझी तब्येत आईनं केली. हरभऱ्याच्या डाळीचे गोळे भातात वाफवायचे, भात ताटात मोकळा करायचा आणि वरून कच्च्या तेलाची धार सोडायची. गोळाभात. धार कुठे थांबवायची हे माझ्या हातात नव्हतं. मी "बस" म्हटलं की ती आणखी थोडी सोडायची, जणू बस म्हणजे मी तिला नुसती हाक मारली आहे. बाबा ताटावरून उठता उठता म्हणायचे, "खाऊ दे त्याले, आपल्या खानदानाचं हाच एकटा खाऊन राह्यला." वस्तीत मला हाक मारायला नाव लागत नसे. तब्येतवाला म्हटलं की काम भागायचं.

असा हा तब्येतवाला पोलीस भरतीला निघाला. यात आमच्याकडे काही नवल नाही. बारावी झाली की पोट्टे पहाटे रस्त्यावर धावायला लागतात, ते लग्न ठरेपर्यंत धावतात. मी दोनदा भरतीत उतरलो. दोन्ही वेळा गोळाफेकीत पैकीच्या पैकी आणि सोळाशे मीटरमध्ये भोपळा. गोळा माझ्या हातून सुटला की रेघेच्या पार जाऊन पडायचा. बाबा म्हणायचे, "गोळे खाऊन खाऊन पोट्टा गोळा फेकाले शिकला." पण सोळाशे मीटर धावताना ते सगळे गोळे माझ्यासोबत धावायचे. पुढच्यांची शर्यत संपून ते पाणी पीत बसलेले असायचे, तेव्हा मी शेवटच्या वळणावर असायचो आणि मैदानातला हवालदार शिटी वाजवून म्हणायचा, "चला भाऊ, घरी जा आता."

तिसरी वेळ शेवटची होती. वयाची अट त्यानंतर मला बाहेर काढणार होती. या खेपेला लागलो नाही, तर जिनिंगच्या फाटकात बाबांच्या जागी उभं राहायचं, एवढं सरळ होतं. बाबांचे गुडघे त्याच वर्षी गेले होते. जिना चढताना ते कठड्याला धरून थांबायचे आणि आपण सहज थांबलो असं दाखवायचे. मला ते दाखवणं बघवत नसे. म्हणून ठरवलं, यंदा काही झालं तरी धावायचं.

मैदानावर एक सर होते, फौजेतून निवृत्त झालेले. पोरांची तयारी करून घ्यायचे. मराठीत सुरू करायचे, हिंदीत शिव्या द्यायचे आणि पुन्हा मराठीत समजूत काढायचे. त्यांच्याकडे वजनकाटा नव्हता, टेप नव्हती. ते चिमटा घ्यायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांना सदरे काढून रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या बेंबीशेजारची कातडी बोटांत धरून ओढून पाहिली. भाजीबाजारात वांगं दाबून पाहतात तसं. माझ्याजवळ आले. त्यांच्या दोन बोटांत मावलं नाही, तेव्हा त्यांनी दुसरा हात लावला. "ये देख," ते सगळ्यांना म्हणाले, "एवढं तूप घेऊन कुठं चालला हा? दुकान टाकतो का बे ठाण्यात?"

पोरं खदाखदा हसली. मी पण हसलो. जाड्या माणसाला हे पहिल्यापासून शिकवलेलं असतं.

माझ्या शेजारी माझा आतेभाऊ उभा होता. हिंगणीचा. भरतीसाठी आमच्या घरी राहायला आला होता. उंच, सडपातळ, गळ्याची हाडं अशी की त्यावर टॉवेल वाळत घालावा. सरांनी त्याचा चिमटा घेतला तर हाती काही आलंच नाही. सर खूश झाले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हा पळणार," ते म्हणाले. "याच्या अंगावर फालतू काहीच नाही." रांगेतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे जळून पाहिलं. तोही मान खाली घालून लाजला, नवरदेव लाजतो तसा.

मग सरांनी पळायला लावलं. आतेभाऊ पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होता. दुसऱ्या फेरीत मध्ये होता. तिसऱ्या फेरीत तो मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून खोकत होता आणि त्याच्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी खाली पडली होती. तंबाखू-सुपारी घोटलेला तो खर्रा हेच त्याचं मुख्य अन्न होतं. सकाळी चहा, दिवसभर खर्रा, संध्याकाळी आठवण झाली तर जेवण. सरांना विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा जाऊन त्याचा चिमटा घेऊन पाहिला, मघाशी काही चुकलं असेल म्हणून. चिमटा तर बरोबर होता. फुफ्फुसांना चिमटा घेता येत नाही, एवढीच अडचण होती.

आणि मी? मी सगळ्यात मागे होतो, पण थांबलो नव्हतो. धापा टाकत, थुलथुल हलत, सगळ्यांची थट्टा ऐकत मी सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. सर माझ्याजवळ आले. "इंजन ठीक है," ते म्हणाले. "डब्बे जादा जोड दिये."

त्याच सुमारास वर्ध्यात एक नवी जिम निघाली होती आणि तिथे चरबी मोजायचं मशीन आलं होतं. दोन दांड्या हातात धरून उभं राहायचं, की मशीन एक चिठ्ठी काढून देई. त्यात किती हाड, किती पाणी, किती चरबी, सगळं लिहिलेलं. आम्ही दोघं गेलो. माझ्या चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं, की माझं शरीर पंचेचाळीस वर्षांचं आहे. घरी येऊन मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "मंग आजपासून मले दादा म्हणत जाजो."

पण खरी मजा आतेभावाची झाली. मशीन म्हणालं, त्याच्याही अंगात चरबी पाहिजे त्यापेक्षा जास्त आहे. जिमवाल्या मालकानं समजावून सांगितलं. दंडावर, मांडीवर मांस म्हणून काही नाहीच, तर जे थोडंथोडकं आहे ते निव्वळ चरबी. बाहेरून काडी, आतून लोणी. आतेभावाचा चेहरा असा पडला की जणू त्याच्या जातपडताळणीत खोट निघाली. "माझ्यात चरबी?" तो म्हणाला. "अबे, चरबी असाले खायले त लागते." मालक म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही. मग हा मशीनशी भांडायला लागला. पुन्हा दांड्या धरल्या, श्वास रोखला, पोट आत ओढलं. मशीननं तेच सांगितलं.  घरी परतताना तो सेलूच्या थांब्यावर बसमधून उतरून खर्रा घेऊन आला.

सरांनी मला आहार लिहून दिला नाही, सांगितला. रात्री अर्धी भाकर. तेल बंद. उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी, ताक. भात सुट्टीच्या दिवशी. मी हे घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं आई भांडेल. ती भांडली नाही. चुलीसमोर बसली होती, तिथूनच मागे न वळता म्हणाली, "माझ्या हातचं आता गोड नाई लागत का तुले?"

 मी भरतीचं सांगितलं, वयाचं सांगितलं, सरांचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून ती माझं ताट वाढताना असं तोंड करायची, की मला वाटावं मी जेवायला नाही, जबाब द्यायला बसलोय. अर्धी भाकर ती अर्धी मोडायची नाही. पाऊण मोडायची आणि म्हणायची, "अर्धीच आहे, भाकर मोठी झाली."

वस्तीत तर कहर झाला. चरबी उतरते तेव्हा तुम्हाला विचारून उतरत नाही. सगळ्यात आधी गाल गेले. मग मान गेली. मग छाती, आणि छाती भरतीत मोजतात म्हणून ती तेवढी जायला नको होती. पोट मात्र शेवटपर्यंत आपल्या जागी बसून होतं, जुन्या भाडेकरूसारखं. लोकांना पोट दिसत नव्हतं, गाल दिसत होते. विहाराच्या पायरीवर बसलेली म्हातारी माणसं मला थांबवून विचारायची, "काय झालं रे? शुगर निघाली का?" बायका आईला विचारायच्या, "पोराच्या तब्येतीले नजर लागली का व?" आईनं या सगळ्यांवर एकच उत्तर शोधून काढलं होतं. ती म्हणायची, "काई नाई. सरकारनं काढाले लावली." हे ऐकून बायका गप्प व्हायच्या. सरकार लोकांचं काय काय काढायला लावतं हे त्यांना माहीत होतं.

आणि एक दिवस मी धावलो. म्हणजे रोजच धावत होतो, पण त्या दिवशी पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. पाय आपोआप पडत होते. शेवटच्या फेरीत मी आतेभावाला मागे टाकलं, नंतर दुसऱ्यांना टाकलं. सरांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि घड्याळ कानाला लावलं. मला इतका आनंद झाला होता की मी मैदानावर आडवा पडून आकाशाकडे बघत हसत सुटलो. सांगायला लाज कशाला वाटावी? इतकी वर्षं मी हे शरीर नुसतं वागवत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला घेऊन गेलं.

सुख मात्र पुरतं मिळालं तर आमचं खानदान कसलं. त्याच आठवड्यात माझा गोळा रेघेच्या अलीकडे पडायला लागला. सरांना कळेना. "ताकत कुठं गेली बे?" ते म्हणाले. "तुपासोबत गेली, सर," मी म्हणालो. त्यांनी शिवी दिली, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते स्वतःच्या चिमट्याबद्दल पुन्हा विचार करत असावेत असं वाटलं. मग त्यांनी मला जोर काढायला लावले, पोती उचलायला लावली. गोळा हळूहळू रेघेपाशी आला. पार नाही गेला, पण रेघेपाशी आला.

मैदानी परीक्षेत मी पास झालो. छातीच्या वेळी इतका श्वास ओढला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण टेप धरणारा म्हणाला, "ठीक." आतेभाऊ सोळाशेत बाद झाला. तो माझ्याहून बारीक होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मैदानाबाहेर येऊन म्हणाला, "तुह्या अंगावर काढाले काई तरी होतं लेका. मी काय काढू?" मला त्याचं वाईट वाटलं. हसूही आलं. दोन्ही एकदम आलं, काय करणार?

लेखीही निघाली. निवडयादीत नाव लागलं. आईनं त्या दिवशी शाळेतल्या पोरांना खिचडीसोबत बुंदी वाढली. बाबा जिनिंगमध्ये जाऊन सांगून आले की आता नवीन माणूस बघा. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. ती तर उगाच असते, सगळे म्हणाले. डोळे बघतात, दात बघतात, सोडतात.

तपासणीला आम्ही पोरं सरकारी दवाखान्यात चड्डीवर रांगेत उभे होतो. आत एक डॉक्टर मॅडम होत्या. तरुण, थकलेल्या, पुण्याकडच्या. बोलणं असं स्वच्छ की आपलं मराठी आपल्यालाच मळकट वाटावं. त्यांनी माझं आधार कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. कार्डावर एक गोल चेहरा होता, फोटोच्या चौकटीला दोन्हीकडून टेकलेला.

"हे तुम्हीच का?"

"हो मॅडम. तेव्हा तब्येत होती."

त्यांनी पेन उचललं. "आणि आता कशी आहे तब्येत?"

मी छाती पुढे काढली. इतक्या महिन्यांच्या मेहनतीची कुणीतरी शिकलेलं माणूस चौकशी करत होतं. "आता एकदम कमी झाली मॅडम. दिवसेंदिवस कमीच होऊन राह्यली."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"काही त्रास होतो?"

"त्रास काही नाही. भूक मात्र लई लागते. आणि सुरुवातीला जिना चढायचो तर चक्कर यायची."

"घरात आणखी कुणाची तब्येत अशी...?"

"आमच्या घरात तब्येत कोणाचीच नव्हती मॅडम," मी अभिमानानं म्हणालो. "आजोबांची नव्हती, बाबांची नाही. माझी एकट्याची होती, ती पण गेली."

त्यांच्या चेहऱ्यावर दया आली. दया आलेली मला दिसली, पण मला वाटलं कौतुक आहे. त्यांनी बरंच काही लिहिलं आणि कागद दिला. बाहेर येऊन सदरा घालता घालता वाचला. तात्पुरता अपात्र. क्षयरोगाच्या तपासण्या करून पुन्हा हजर व्हावे.

मी परत आत जायला लागलो तर दारावरच्या शिपायानं अडवलं. त्याला मी सांगितलं की गैरसमज झाला, मी बिमार नाही, माझी फक्त तब्येत कमी झाली आहे. तो नागपूरचा होता. त्याला लगेच समजलं आणि तो भिंतीला धरून हसत सुटला. पण हसून झाल्यावर म्हणाला, "कागदावर आलं ना भाऊ. आता तपासण्या करूनच येजो." असं माझं झालं. मैदानावर मी आयुष्यात इतका तंदुरुस्त कधी नव्हतो, आणि नेमकं तेव्हाच सरकारनं मला बिमार ठरवलं.

घरी मी टीबी शब्द उच्चारला तेव्हा बाबा खाली बसले. त्यांचा मोठा भाऊ त्यातच गेला होता. मी हसत हसत सगळा घोटाळा सांगायला लागलो, पण हसणारा मी एकटाच होतो. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "मंग नोकरीचं?" तेव्हा माझंही हसू गेलं. कारण मला माहीत नव्हतं. मॅडमच्या पेनानं एकदा लिहिलं ते त्याच पेनानं खोडायला पाहिजे होतं, आणि त्यांना मी काय सांगायचं? की मॅडम, तुम्हाला मराठी येत नाही?

आई म्हणाली, "मी म्हणत होती." बस, तेवढंच. तिला या गोष्टीत सगळ्या जगाचा शहाणपणा दिसला. सरकारनंच कबूल केलं होतं की तब्येत कमी करणं हा रोग आहे. ती उठून तेलाची बरणी घेऊन आली. मी तिला सांगितलं की आता वजन वाढलं तर आणखी घोटाळा होईल, कागदावर एक आकडा, काट्यावर दुसरा. आतेभाऊ तोवर हिंगणीला परत गेला होता. त्यानं फोनवर सांगितलं, केळी खा, केळीचं वजन मशीनमध्ये दिसत नाही. त्याचा मशीनवरचा राग अजून गेला नव्हता. मी ना धड खाल्लं, ना धड उपाशी राहिलो. थुंकी दिली, छातीचा फोटो काढला, रक्त दिलं आणि रिपोर्टची वाट बघत स्टेशनच्या रस्त्यानं पहाटे धावत राहिलो. लोक एकमेकांना दाखवायचे, "पाहा, टीबीचा पेशंट."

फेरतपासणीला आई सोबत आली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "तू बोलतं त अर्थाचा अनर्थ होते. मी बोलतो." मला राग आला, पण तिचं चूक नव्हतं. तिनं जयंतीची पांढरी साडी नेसली आणि पदर खांद्यावर पिनेनं नीट लावला.

मॅडम त्याच होत्या. रिपोर्ट पाहून म्हणाल्या, सगळं स्वच्छ आहे. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच म्हणाल्या, "पण मग एवढं वजन का उतरलं, ते मला लिहावं लागेल. कारण नसताना असं होत नाही." मी घाईघाईनं सांगायला लागलो, माझं जेवढं शुद्ध मराठी होतं तेवढं सगळं एकदम काढलं. प्रकृती, आहार, व्यायाम, नियमित. घाबरल्यामुळे ते सगळं पाठ केल्यासारखं वाटत होतं. मॅडमनी हातानं मला थांबवलं आणि खुर्ची आईकडे वळवली. आवाज हळू केला.

"आई, घरी जेवणखाणाचं सगळं नीट आहे ना? मोकळेपणानं सांगा. संकोच करू नका."

त्यांनी चांगल्या मनानंच विचारलं होतं. पण आई खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"मॅडम, तुमी काय समजून राह्यल्या?" ती म्हणाली. "आमच्या घरी खायले आहे. भरपूर आहे. माझ्या बापाची तब्येत कधी झाली नाई, माझ्या सासऱ्याची झाली नाई, याच्या बापाची झाली नाई. तेव्हा घरात नव्हतं. मंग आमी दोघायनं कमावलं अन याची तब्येत केली. याले पाहून लोकं मले इचारत होते, काय चारतं म्हणून. ते सरकारनं म्हटलं का काढा, नाई त नोकरी भेटणार नाई. काढली. पोरगं मटकी चावत राह्यलं अन मी गोळाभात एकट्या बापाले वाढत राह्यली. आता सरकारच इचारते, काऊन काढली? घरी खायले नाई का?"

तिचा आवाज शेवटी फाटला.  दारावरचा शिपाई आत डोकावून बघत होता. मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तब्येत म्हणजे... वजन?"

"मंग अजून काय म्हणजे?" आईच म्हणाली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्या हसायला लागल्या. शिपाई हसला, मी हसलो. आई हसली नाही, पण बसली. मॅडमनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. पात्र. मी तो शब्द तिथंच दोनदा वाचला.  बाबांना फोन लावायला मी खिशात हात घातला.

मॅडमचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या आईकडे बघत होत्या. तिच्या खांद्यावरच्या पिनेपाशी, जिथे साडीच्या आत हाड वर आलं होतं. मग त्या उठल्या, आईच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. "आई," त्या म्हणाल्या, "या काट्यावर उभ्या राहता का जरा?"

आईला वाटलं, मागच्या कुणाला तरी बोलावलं. मग लाजली. पण मॅडमनी तिचा दंड धरून तिला काट्यावर चढवलं. त्यांची बोटं दंडाला पूर्ण वेढा घालून एकमेकांना भेटली. काटा जरासा हलला आणि थांबला. मॅडमनी वाकून आकडा पाहिला. मग वर बघून मला विचारलं, "हे असं कधीपासून आहे?"

पात्र लिहिलेला कागद माझ्या हातात होता. आईचं ताट मी कधी पाहिलंच नव्हतं.

"उतरू का आता?" आई काट्यावरूनच म्हणाली. "मले कोणत्या भरतीत जाचं आहे?"